अठरा खिसे आणि दिवे घाट

२ जुलै २०२४. दिवे घाटाच्या वरच्या वळणावर माउलींचा रथ दिसायला लागला आणि माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. बॅटऱ्या संपतातच, त्यात विशेष काही नाही. भरलेल्या तीन माझ्या अंगावर होत्या. अंगावर म्हणजे नेमक्या कुठे, तेवढं आठवेना. छातीवरचा डावा खिसा उघडला, त्यात काच पुसायचं फडकं. त्याच्या खालच्यात राजगिऱ्याची वडी, उन्हानं चिकट झालेली. उजवीकडे जाळीच्या खिशात कार्डांची डबी, तिच्यामागे सुट्टे पैसे, कमरेजवळ लेन्सचं झाकण, पाठीमागे हात घातला तर प्लॅस्टिकची पिशवी. सातव्या खिशात बॅटरी हाताला लागली तोवर रथ वळण घेऊन पुढे गेला होता. घाट चढण्यासाठी जोडलेल्या जादा बैलजोड्या, त्यांच्या खांद्यांवर आलेला ताण, दोन्ही बाजूंनी धावणारी माणसं, सगळं डोळ्यांनी पाहिलं. फोटो एकही नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी माझी ती स्वतःचीच झडती बघून विचारलं, "काय हरवलं का, माउली?"

अंगात अठरा खिशांचं नवं जाकीट होतं. ते घेतलं होतं नेमकं अशा वेळी वस्तू चटकन हाताशी यावी म्हणून. पुढच्या दोन दिवसांत त्याचं काय केलं आणि ते कसं कामाला आलं, त्याची ही हकिगत. फोटो काढणाऱ्यांना आणि पाठीवर किंवा खांद्यावर सामान घेऊन दिवसभर चालणाऱ्या इतरांनाही यातलं काही ओळखीचं वाटेल.

सुरुवात आदल्या वर्षापासून करायला हवी. २०२३ च्या वारीत मी खांद्यावरची बॅग घेऊन पुणे ते सासवड चाललो. आळंदी ते पंढरपूर या वाटेवरचा हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीसेक किलोमीटरचा, आणि शेवटी घाट. भवानी पेठेतून पहाटे निघालो. संध्याकाळी सासवडला तंबूत बसून जेवताना उजवा हात खांद्याच्या वर जाईना. घरी आल्यावर फिजिओथेरपीच्या बाईंनी मला आरशासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "बघा, बॅग नाहीये तरी तुम्ही बॅग घेतल्यासारखेच उभे आहात." उजवा खांदा चांगला बोटभर वर. पट्टा घसरू नये म्हणून माणूस नकळत खांदा उचलून धरतो. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू दिवसभर आखडलेला राहतो आणि तोल सांभाळायला कंबर दुसऱ्या बाजूला झुकते. बॅग उतरवली तरी शरीर ती सवय लगेच सोडत नाही.

घरातला काटा पाच किलोपर्यंतचा, म्हणून ती बॅग रद्दीवाल्याकडे नेऊन तोलली. पाण्याच्या बाटलीसकट आठ किलो चारशे. मग वस्तू एकेक करून मांडल्या. कॅनन ५डी मार्क ३ बॅटरीसकट ९५० ग्रॅम, दुसरा कॅमेरा ६डी, ७७०. लेन्सच्या नावातले आकडे मिलिमीटरचे, ते जितके मोठे तितकं लांबचं जवळ येतं; एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. लेन्समध्ये ७०-२०० एफ २.८ एकटी १४९० ग्रॅम, २४-७० ची ८०५, १६-३५ एफ ४ ची ६१५ आणि छोटी ५० ची १६०. फ्लॅश सेलसकट अर्धा किलो. चार बॅटऱ्या, पावसाचं आवरण, कार्डं, काचेवरची धूळ उडवायची फुंकणी. रिकामी बॅगच दीड किलो! वर लिटरभर पाणी. रद्दीवाला म्हणाला, "साहेब, एवढ्याचे पन्नास-साठ रुपये येतील." विनोद बरा होता.

वजन हा एक भाग झाला. दुसरा जाच गर्दीचा. दिंडीत लोक ओळीनं चालतात, टाळकऱ्यांचे हात सारखे हलत असतात. त्यांच्या मधून चालताना बॅग म्हणजे कडेला बांधलेलं दुसरं माणूस. एका टाळकऱ्याच्या कोपराला ती तीनदा लागली. चौथ्यांदा लागली तेव्हा तो काही बोलला नाही, त्यानं नुसतं बघितलं. डोक्यावर तुळस घेतलेल्या मावशी मात्र मोकळेपणानं म्हणाल्या, "दादा, ती पेटी जरा आवरा की." लेन्स बदलायची तर रांगेतून बाहेर पडा, चिखल नसलेली जागा शोधा, बॅग टेका, चेन उघडा. तोवर जे दिसलं होतं ते संपलेलं. पाठीवरची सॅक घ्यावी तर ती गर्दीत पुढे ओढता येत नाही, आणि मागे कोण चेन उघडतंय ते कळत नाही.

म्हणून जाकीट. २३ जून २०२४, रविवार, पुण्याचा जुना बाजार. मेंदी रंगाचं, बिनबाह्यांचं, पाठीला जाळी, आत अस्तर. विकणारा त्याला 'प्रेसवालं जाकीट' म्हणत होता. अकराशे सांगून सातशेला दिलं. खिसे मोजले, सतरा भरले. अठरावा पुढे सासवडला सापडला, त्याची गोष्ट येईलच.

या जाकिटाचं कूळ बघण्यासारखं आहे. ते मुळात फोटोवाल्यांचं नव्हेच. अमेरिकेत ली वुल्फ नावाचा नामांकित गळकरी होता. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं मासे धरायला पाण्यात उतरल्यावर हात मोकळे राहावेत म्हणून पुष्कळ खिशांचं जाकीट शिवलं. गळ, दोरा, नकली माश्या अशा बारीकसारीक वस्तू छातीवर, म्हणजे पाण्याच्या वर. पुढे वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी ते उचललं, कारण त्यांच्याकडेही बारीकसारीक वस्तूच फार: फिल्मचे रोल. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. दिवसाला दहा-पंधरा रोल लागले तर ते ठेवायला आणि वापरलेले-कोरे वेगळे करायला तेवढेच छोटे खिसे हवेत. आज माझ्या ५डी मार्क ३ ची एक कच्ची (रॉ) फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेला मूळ फोटो, साधारण २७ एमबीची. ६४ जीबीच्या एका कार्डात दोन हजारांवर मावतात, म्हणजे पन्नासाहून जास्त रोल नखाएवढ्या तुकड्यात. रोल गेले, खिसे राहिले. रिकामा खिसा दिसला की माणूस त्यात काहीतरी कोंबतोच.

मीही तेच केलं. दिवाळीचे डबे भरावेत तसे एकेक खिसे भरले. २४-७० डाव्या मोठ्या खिशात, ७०-२०० उजव्या, ५० ची छातीवर, फ्लॅश पाठीमागच्या पोटलीत. घरात पंधरा मिनिटं फिरलो. छान वाटलं. बायको म्हणाली, "लढाईला निघाल्यासारखा दिसतोयस." ते मी कौतुक समजलो. पंधरा मिनिटांत कुठलंही जाकीट छानच वाटतं. अंगावरचं सामान तपासायचं तर ते घालून बसावं, उठावं, उकिडवं व्हावं, जिना चढावा आणि मुख्य म्हणजे त्यातली एखादी जड वस्तू काढून मग चालून बघावं. यातलं काहीच मी केलं नाही.

हडपसरपर्यंत ठीक चाललं. तिथे तुकोबांची पालखी लोणी काळभोरच्या रस्त्याला लागते आणि माउलींची सासवडकडे वळते. त्या फाट्यावर मी ७०-२०० काढून कॅमेऱ्याला लावली. उजव्या खिशातून दीड किलो गेले, डावीकडे ८०५ ग्रॅम तसेच, पाठीमागे फ्लॅश. जाकीट डावीकडे आणि मागे ओढलं गेलं, कॉलर गळ्यावर आली. लेन्स परत ठेवली की उलट: पुढचं वजन मानेच्या मागच्या हाडावर. बॅगेचं वजन निदान एका जागी बसतं. जाकिटातलं वजन, तुम्ही हात घालाल तसं, जागा बदलत राहतं. आणि सगळं लोंबतं ते खांद्यांवरच. वजन बॅगेतून जाकिटात गेलं म्हणून ते कमी होत नाही आणि आपोआप कमरेवरही उतरत नाही. मी बॅग टाकली म्हणून खूश होतो, पण खांद्यांना त्यातलं काही कळलेलं नव्हतं.

त्यात खिशाची खोली १८ सेंटिमीटर आणि ७०-२०० एफ २.८ ची लांबी १९.९. झाकण बसेना. प्रत्येक पावलाला लेन्स मांडीवर आपटत होती. वडकी नाल्याच्या विसाव्याला बघितलं तर मांडीवर लाल वण उठलेला.

त्याआधी उरळी देवाचीच्या आसपास एक बाई चप्पल तुटली म्हणून रस्त्याच्या कडेला बसून सुतळीनं ती बांधत होत्या. पायांचा फोटो घ्यायला मी वाकलो आणि छातीवरच्या खिशातून ५० ची लेन्स घरंगळत रस्त्यावर गेली. एका वारकऱ्यानं पाय आडवा घालून ती अडवली, उचलून कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. फिल्टर तडकला, लेन्स वाचली. छातीवरचे खिसे उभ्या माणसासाठी शिवलेले असतात. फोटो काढणारा माणूस उभा थोडाच असतो? तो वाकतो, बसतो, रिंगणाच्या कडेला तर पालथा पडतो.

उकाड्याचं फार सांगत नाही, जुलैच्या सुरुवातीचं पुणे सगळ्यांना माहीत आहे. पाठीला जाळी होती, पण तिच्यावर मोठी पोटली शिवलेली, तिच्यात फ्लॅश. म्हणजे जाळी नावालाच. आतल्या चोरखिशातल्या नोटा घामानं ओल्या झाल्या. घाटात सर आली तेव्हा कापडानं पाणी पिऊन घेतलं आणि जाकीट जड झालं. आजूबाजूचे वारकरी प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन तसेच अभंग म्हणत चालले होते. माझ्याकडेही तसा कागद होता. कुठल्याशा खिशात.

आणि वेलक्रो. विसाव्याला एका दिंडीत भजन चाललं होतं. मृदंग थांबला, एकटा आवाज आलापावर, आणि मी कार्ड काढायला खिसा उघडला. चर्रर्र. दहा माना वळल्या. मी तो खिसा तसाच उघडा ठेवला, कारण बंद करायलाही तोच आवाज.

आणखी एक गोष्ट अंगावरच्या दुखण्याहून मोठी निघाली. आदल्या वर्षी मी बॅगवाला एक माणूस होतो, कोणी लक्ष देत नव्हतं. जाकीट घातल्याबरोबर "कुठल्या चॅनलचे?", "कधी लागणार टीव्हीवर?" सुरू. पोलीस वाट करून द्यायचे, ते बरं वाटायचं. पण लोक पोज द्यायला लागले. फुगडी खेळणाऱ्या दोघी मला बघून थांबल्या, पदर सावरला, हसल्या. त्या दिवसाचे निम्म्याहून जास्त फोटो मला बघणाऱ्या माणसांचे आहेत. आता ते बघताना मस्तानी तलावाच्या बाजूनं घेतलेले दोन-चार तेवढे आवडतात, कारण तिथे मी लांब होतो.

रथ हुकला तो या सगळ्यानंतर.

पालखी सासवडला दोन रात्री असते. मधला दिवस मोकळा. लोक कपडे धुतात, पाय चेपून घेतात, सोपानदेवांच्या समाधीला जातात. ३ जुलैला सकाळी मी जाकीट काखेत मारून शिंपी शोधत निघालो. सोपानदेवांच्या गल्लीपासून थोडं बाजूला एक दुकान उघडं होतं. पुढे तंबूच्या कनातीचा ढीग, फाटलेल्या पताका, एका दिंडीच्या झोळ्या. वारीच्या दिवसांत ब्लाउजचं काम बाजूला ठेवावं लागतं, असं मास्तर म्हणाले.

त्यांनी जाकीट उलटंसुलटं केलं, आतून चाचपलं आणि अस्तराच्या खाली, डाव्या काखेत, एक चेन उघडली. "ह्यात काय ठेवता?"

मला तो खिसा आहे हेच माहीत नव्हतं.

"एकूण किती आहेत?"

"सतरा. म्हणजे, अठरा."

"कशाला एवढे, माउली? माझ्या आज्याच्या कोपरीला एकच होता, तोपण आतून. त्यात चंची, पैसे, तिकीट, सगळं. कधी चुकला नाही तो."

मी त्यांना रथाची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि म्हणाले, "घाला अंगात. आता डोळे मिटा. बॅटरी पाहिजे, हात कुठं जातो?" माझा उजवा हात उजव्या छातीवर गेला. त्यांनी तिथे फुली मारली. "कार्ड?" डावी छाती. "पाणी?" डावी कंबर. फडकं, पैसे, फोन, औषध, कागद, छोटी लेन्स. नवव्या वस्तूनंतर माझा हात हवेत थांबला. मास्तर म्हणाले, "झालं मग. नऊ."

ज्या खिशांवर फुली पडली नाही त्यातले आठ त्यांनी टीप मारून बंद केले. पाठीमागची पोटली कापूनच काढली, त्यामुळे जाळी पहिल्यांदा मोकळी झाली. उरलेल्या खिशांवरचं वेलक्रो उसवून टिचबटणं लावली. छातीवरच्या दोन खिशांची तोंडं आडवी होती, ती शिवून बाजूनं उभी चेन बसवली, म्हणजे वाकलं तरी आतलं बाहेर पडत नाही.

मुख्य काम कमरेचं होतं. कनातीला लावतात ती दोन इंची निवार पट्टी त्यांच्याकडे होतीच. जाकिटाच्या आतून, कमरेच्या रेषेवर, पाच ठिकाणी कापडी घरं करून त्यातून ती पट्टी ओवली, पुढे प्लॅस्टिकचं बकल. पट्टी आवळली की खालच्या खिशांचं वजन खांद्यावर न लोंबता कमरेच्या हाडावर बसतं आणि जाकीट हिंदकळत नाही. डोंगरात जाणाऱ्यांच्या मोठ्या सॅकला असतो तो कमरपट्टा, त्याचीच ही गरिबाघरची आवृत्ती. खांद्यांच्या आत माझ्या जुन्या चटईचा फोम कापून घातला. खांद्यावर बटणाची जी बारीक पट्टी असते ती मी नुसती शोभेची समजत होतो. मास्तरांनी ती दुहेरी करून घट्ट शिवली; कॅमेऱ्याचा पट्टा तिच्याखालून घेतला की घसरत नाही, आणि खांदा उचलून धरावा लागत नाही. आरशातल्या त्या बोटभर उंच खांद्यावरचा इलाज हा असा वितभर कापडात निघाला.

पैसे विचारले. "तीनशे द्या. निवारीचे नकोत, ती विठ्ठलाची." नामदेवांच्या पायरीकडे निघालेल्या लोकांचं शिवणकाम तो माणूस करत होता, त्यामुळे मी वाद घातला नाही.

जाकीट सुधारलं, पण निम्मं काम सामानाचं होतं. त्याच संध्याकाळी पुण्याहून एक मित्र सासवडला आला होता. २४-७० आणि फ्लॅश त्याच्याबरोबर घरी पाठवले. वारी दिवसाउजेडाची, तंबूतल्या अंधारासाठी ५० ची एफ १.८ पुरते. आणि आम्ही ७०-२०० ची अदलाबदल केली. माझी एफ २.८ त्याला, त्याची एफ ४ मला. ती ७६० ग्रॅमची, म्हणजे ७३० ग्रॅमची बचत. लांबीलाही पावणेतीन सेंटिमीटर कमी. एफ २.८ सोडताना जीवावर आलं, खोटं कशाला सांगू. ती लेन्स घ्यायला दोन लग्नसराया गेल्या होत्या. पण उघड्या माळावर दुपारी एफ ८ ला फोटो काढणाऱ्यानं एफ २.८ ची काच कशासाठी वाहायची?

दोन्ही लेन्स आता दोन कॅमेऱ्यांवर कायमच्या. १६-३५ लावलेला ६डी उजव्या खांद्यावर, ७०-२०० लावलेला ५डी डाव्या. जाकिटात मोठी लेन्स एकही नाही. "मग जाकीट हवंच कशाला?" असं मित्रानं विचारलं. बरोबर प्रश्न. उत्तर असं, की बॅग लागत होती ती लेन्ससाठी कमी आणि या बाकीच्या सटरफटरासाठी जास्त. ते अंगावर बसलं की बॅगेचं दीड किलोचं खोकंच गळून पडतं.

नऊ खिशांची वाटणी पुढे फार बदलली नाही, म्हणून सांगून ठेवतो. उजव्या छातीवर भरलेल्या बॅटऱ्या तीन. दोन्ही कॅमेऱ्यांना एकच जातीची चालते, हे मोठं सुख. संपलेली बॅटरी तिथे परत जात नाही, ती उजव्या कमरेच्या खिशात, भरलेल्यांत मिसळू द्यायची नाही. कोरी कार्डं डाव्या छातीवर, भरलेली आतल्या चोरखिशात, चेन लावून, आणि दोन्ही लहान प्लॅस्टिकच्या पिशवीत. डाव्या कमरेला अर्ध्या लिटरची बाटली. सगळ्यात जड वस्तू तीच, आणि ती दिवसभर हलकी होत जाते. तिच्या वरच्या खिशात ५० ची लेन्स. उजव्या काखेकडे फुंकणी आणि फडकं. मागे कमरेवर घडी केलेला प्लॅस्टिकचा कागद, आणि काखेतल्या त्या अठराव्या खिशात फोन नि पैसे. सगळं मिळून जाकीट भरल्यावर दोन किलोंच्या आसपास, अंगावरचे कॅमेरे धरून एकूण पाच किलो आणि वर शेदीडशे ग्रॅम. आदल्या वर्षीचे आठ किलो चारशे आठवा.

४ जुलै, सासवड ते जेजुरी. अंतर कमी, १६-१७ किलोमीटर, पण शेवटी भंडारा. पालखी जेजुरीत शिरते तेव्हा लोक हळद उधळतात आणि हवा पिवळी होते. ती पूड इतकी बारीक की चेनच्या दातांतून आत जाते. आदल्या वर्षी मी तिथे लेन्स बदलली होती आणि पुढचे चार दिवस प्रत्येक फोटोत आकाशात ठिपके होते. या वेळी लेन्स काढायचीच नव्हती. शिवून बंद केलेल्या खिशांचा आणखी एक फायदा तिथे कळला: भंडारा साठायला जागाच नव्हती.

गर्दीत बॅटरी संपली. बघितलंही नाही, हात उजव्या छातीवर गेला, टिचबटण उघडलं, अंगठ्यानं बॅटरी वर ढकलली. समोर एक पोरगा बापाच्या खांद्यावर बसून दोन्ही मुठी उघडत होता. मुठी अर्ध्या उघडलेल्या असताना फोटो आहे माझ्याकडे. रथाच्या बदल्यात तो घेतला असं मी स्वतःला सांगतो.

त्या दिवशी "कुठल्या चॅनलचे?" कोणी विचारलं नाही. पाठीवरची पोटली गेलेली, निम्मे खिसे सपाट, त्यावर हळद. लांबून ते मळकी बंडी वाटत होतं. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. पुढच्या वेळी जाकीट घ्यायचंच झालं तर मात्र मेंदी किंवा खाकी रंग घेणार नाही, पांढऱ्याकडे झुकणारा एखादा घेईन.

सगळं जमलं असं नाही. उकाडा कमी झाला, पण गेला नाही. उघड्या सदऱ्यावर बॅग घेतलेला माणूस आजही माझ्याहून थंड असतो. पुढे लोणंदनंतर चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात, म्हणजे रस्त्यावर वारकऱ्यांच्या दोन ओळींमधून घोडा धावतो तेव्हा, मी रस्त्यावर पालथा पडलो तेव्हा छातीखालच्या बॅटऱ्या बरगड्यांत रुतल्या. त्याला उपाय सापडलेला नाही, पडण्याआधी पुढचं बकल सोडून जाकीट पाठीकडे ढकलतो इतकंच. पाऊस लागला की हे कापड पाणी पितंच. आत पिशव्या असल्यामुळे सामान वाचतं, अंग भिजतं. आणि ज्याला ४०० मिलिमीटरची मोठी लेन्स न्यायची आहे त्याला कुठलंही जाकीट उपयोगाचं नाही, त्यानं कमरपट्ट्याची सॅकच घ्यावी. लग्नात मी हे घालत नाही. वधूपित्यानं एवढा खर्च केलेला असतो, त्यात आपण मासे धरायला आल्यासारखं उभं राहू नये. जंगलातही गरज पडत नाही. जिप्सीत सगळं मांडीवर किंवा शेजारी असतं.

विमानाचा एक किस्सा तेवढा. आपल्याकडे बहुतेक देशांतर्गत उड्डाणांत हातातल्या बॅगेला सात किलोंची मर्यादा असते. एक ओळखीचा फोटोग्राफर काउंटरवर बॅग तोलायच्या आधी जाकीट चढवतो, तीन लेन्स खिशांत घालतो आणि विमानात बसल्यावर परत बॅगेत भरतो. त्याच्या जाकिटाचे सगळे खिसे वापरात आहेत. पण तो त्यात पाऊण तासच असतो, तोही रांगेत उभा.

माझं जाकीट धुऊन कपाटात ठेवलं तेव्हा बंद खिशांतून हळदीचा वास येत होता, म्हणजे भंडारा कुठूनतरी शिरलाच. २०२५ च्या वारीआधी डाव्या छातीवरचा एक बंद खिसा कात्रीनं उसवला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचे आकडे आता नीट दिसत नाहीत. चाळिशी ठेवायला जागा हवी होती.